बोरन्हाणाचे फोटो नीट कसे काढायचे? (काळं झबलं, पांढरा हलवा आणि एका जागी न बसणारं बाळ)

निंबोणी | ४ जानेवारी, रात्री ११.२०

यंदा धाकटीचं बोरन्हाण आहे. अकरा महिन्यांची आहे. बसते, धरून उभी राहते आणि जमिनीवर काही दिसलं की थेट तोंडात. थोरल्याच्या वेळी जे झालं (तो आता पाच वर्षांचा) ते परत नको, म्हणून आधीच धागा काढतेय.

तेव्हा दोनशेच्या वर फोटो निघाले होते. सासरे, नणंद, शेजारच्या काकू, मी, सगळ्यांच्या हातात फोन. संध्याकाळी सातची वेळ, हॉलमध्ये दोन ट्यूबा आणि झुंबरातला एक पिवळा दिवा. आता अल्बम करायला बसले तर लावण्यासारखे चार निघाले, तेही मन मोठं करून. बाकीच्यांत एकतर पोरगं हललेलं, नाहीतर चेहरा पिठासारखा पांढरा आणि काळं झबलं राखाडी. माझ्या आईने महिनाभर खपून हलव्याचे दागिने केले होते. फोटोत त्या हाराचा नुसता पांढरा पट्टा दिसतो, हलव्यावरचा काटा एक दिसत नाही. आणि तो प्रत्येक फोटोत भलतीकडेच बघतोय, कारण पाच जण पाच बाजूंनी "इकडे बघ, इकडे बघ" करत होते.

हाताशी काय आहे: दोन वर्षं जुना साधा फोन आणि दिराचा जुना डीएसएलआर, त्यावर ५० एमएमची एफ १.८ लेन्स. दीर म्हणतो, ऑटोवर ठेव आणि दाब. माझा त्याच्यावर विश्वास नाही. (दिरावर आहे, ऑटोवर नाही.) पंधरा-वीस घरचीच माणसं, त्यामुळे फोटोग्राफर बोलावणार नाही.

काजूगर | ४ जानेवारी, रात्री ११.४१

सातला कोणी ठेवायला सांगितलंय? चारला ठेव. अर्धं काम तिथेच झालं.

निंबोणी | ४ जानेवारी, रात्री ११.४८

त्याच दिवशी हळदीकुंकू आहे गं. बायका ऑफिसमधून सुटून सहानंतर येणार. सासूबाईंना दोन्ही एकत्रच हवंय.

फिरस्ता | ५ जानेवारी, सकाळी ७.०५

काजूगर यांना शंभर टक्के अनुमोदन. लेन्स, फोन, सेटिंग सगळं नंतर. आधी घरातली खिडकी शोधा.

उद्या दुपारी चार वाजता बाळाला कडेवर घ्या आणि घरभर हळूहळू फिरा. लक्ष फक्त तिच्या चेहऱ्यावर ठेवा. कुठे डोळ्यांखाली सावल्या पडतात, कुठे डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकतो, ते बघा. तो चौकोन दिसला की जागा सापडली. उत्तरेची खिडकी असेल तर नशीबवान आहात, दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळतो. पश्चिमेची असेल तर जानेवारीत चारला ऊन तिरपं आत येतं, बाळ डोळे मिचकावतं आणि अर्धा चेहरा जळतो, म्हणजे फोटोत पांढराफटक येतो. त्यावर उपाय म्हणजे खिडकीला पांढरं सुती कापड. माझ्या घरी वडिलांचं धोतर होतं. दुहेरी करून पडद्याच्या दांडीवर टाकलं. हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स यापेक्षा वेगळं काही करत नाही.

बाळाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर बसवा, तोंड खिडकीकडे पण थोडं तिरकं. जितकं आत सरकाल तितका उजेड झपाट्याने कमी होतो. हॉलच्या मध्यभागी आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, कारण डोळे जुळवून घेतात. कॅमेरा बिचारा तसं करत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर धरा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, म्हणजे सावलीची बाजू उजळते. आणि भिंत हिरवी किंवा केशरी असेल तर बाळाला तिला चिकटवू नका. भिंतीचा रंग गालावर उतरतो, मग कितीही एडिट करा, कावीळ झाल्यासारखंच दिसतं.

प्र.के. | ५ जानेवारी, सकाळी ९.३०

खिडकीच्या उजेडात काढताना हॉलमधल्या ट्यूबा बंद करा, आणि हे नुसतं सौंदर्यासाठी नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना कळत नाही. १/१०० सेकंदाचा शटर (कॅमेऱ्यात उजेड येऊ देण्याचा वेळ) ठेवला तर एक पूर्ण आवर्तन पकडलं जातं आणि फोटो बरा येतो. १/५०० ठेवला की स्वस्तातल्या एलईडीखाली फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, एक फोटो पिवळा तर पुढचा निळसर.

आता बोरन्हाणाचा हिशेब करू. बोर किंवा चुरमुरा डोक्याच्या अर्धा मीटर वरून सोडला तर डोक्याशी येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो. १/१०० मध्ये तो तीन सेंटीमीटर सरकतो, म्हणजे फोटोत बोराऐवजी गाजर. १/१००० ला तीनच मिलीमीटर, म्हणजे हवेत लटकलेलं बोर. १/५०० ला सहा, तेही चालतं. थोडक्यात, दिव्याला हवा १/१०० आणि बोरांना १/५००. दोघांचं जमणार नाही. म्हणून दिवे बंद आणि खिडकी चालू.

झुंबरातला पिवळा बल्बही बंद. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच गालावर पडला की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा मेळ) कोणाच्या बापाला साधत नाही.

मधुमालती | ५ जानेवारी, दुपारी १२.१५

गाजर :D

प्रकेकाका, चुरमुरा हलका असतो, हवेचा विरोध धरलात का?

प्र.के. | ५ जानेवारी, दुपारी १२.३२

नाही धरला. चुरमुऱ्याला सवलत. उसाचे करवे मात्र माझ्या हिशेबानेच पडतील.

स्टॉकहोमकर | ५ जानेवारी, दुपारी ३.१०

तुम्ही चार वाजताच्या उन्हाला नावं ठेवताय. इथे संक्रांतीच्या सुमारास साडेतीनच्या आत सूर्य मावळलेला असतो. लेकाचं बोरन्हाण आम्ही रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी सकाळी अकराला केलं, बोरांच्या जागी ब्लूबेरी. (त्या पडताना फुटतात. पांढऱ्या गालिच्यावर करू नका.) बाहेर बर्फ होता, त्याचा उजेड खालून खिडकीतून वर येतो. इतका सुंदर, सावली नसलेला चेहरा मला पुण्यातल्या कुठल्याच फोटोत मिळालेला नाही. तक्रार अशी नाहीच, सांगायचं एवढंच की वेळ उजेडाप्रमाणे ठरवा, पाहुण्यांप्रमाणे नाही.

फोकसवाला | ५ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

डीएसएलआरबद्दल बोलतो. ५० एमएम एफ १.८ हातात आली की सगळ्यांची पहिली चूक एकच, एफ १.८ वरच फोटो काढणे. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं.) मागचं सगळं धूसर होतं म्हणून जीव हरखतो. पण छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एक मीटरवरून एफ १.८ ला स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. म्हणजे पापण्या दिसल्या तर कान गेला, आणि बाळ तर पुढेमागे डुलत असतं. हलव्याचा मुकुट कपाळावर, हार छातीवर, हातात बासरी. हे सगळं दिसायला हवं असेल तर दीड-दोन मीटर मागे बसा आणि एफ ४ ठेवा. दीड मीटरवर तेरा-चौदा सेंटीमीटरचा पट्टा मिळतो, बाळ त्यात मावतं.

शटर १/५००. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो, कमाल मर्यादा ३२००. फोटोत खसखशीसारखे दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार फोटो छापल्यावर बरा दिसतो, हललेल्या फोटोला औषध नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, एकच पॉइंट, जवळच्या डोळ्यावर. बर्स्ट (एका दाबात ओळीने अनेक फोटो) चालू, पण मशीनगन नको. मूठ सुटली की तीन-चार फोटो, थांबा, पुन्हा. जुन्या कॅमेऱ्याचा बफर (फोटोंची तात्पुरती साठवण) भरला की तो नेमका हसण्याच्या वेळी अडकतो.

आता काळ्या झबल्याचं. कॅमेरा असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे. चौकटभर काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, झबलं राखाडी होतं, चेहरा आणि हलवा जळतो. तुमच्या थोरल्याचं नेमकं हेच झालं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते सांगणारं सेटिंग) उणे ०.७ पासून सुरू करा, हाराचा काटा दिसेपर्यंत खाली या. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून धरा, फोकस कुलूपबंद होईल, मग शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. आदल्या दिवशी काळ्या स्वेटरवर हलव्याचा हार ठेवून तालीम करा. स्वेटर रडत नाही.

खिडकीपाशी | ५ जानेवारी, रात्री ८.०२

इतकी सेटिंगं वाचून मला घाम फुटला. निंबोणी, मी तीन पोरांची आई, फोनवरच काढते. माझे नियम सांगू?

काच पुस. खरंच. बाळाच्या घरातल्या फोनच्या लेन्सवर वरणभात असतो.

जमिनीवर बस, जमलं तर पालथी झोप. आपण उभ्याने काढतो आणि बाळाचं फक्त टाळू येतं. तिच्या डोळ्यांच्या रेषेत फोन आणलास की एकदम तिच्या जगात शिरल्यासारखं होतं.

फोन तिच्या नाकाशी नेऊ नकोस. जवळून नाक बटाट्यासारखं येतं, कपाळ फुगतं. दोन पावलं मागे सरक आणि २ एक्सवर जा.

नाइट मोड बंद. तो अनेक फोटो एकत्र शिवतो, तेवढ्यात पोर हलतं आणि तीन हात येतात. पोर्ट्रेट मोडही नको, जावळाच्या केसांची वाट लावतो. हाराच्या कडा तर खाऊनच टाकतो.

आणि सगळ्यात मोठं, "इकडे बघ" म्हणायची घरात बंदी घाल. एकच माणूस ठेव, फोनच्या अगदी मागे, थोरला दादा असेल तर उत्तम. त्याला सांग, तू तिच्याशी बोल. ती त्याच्याकडे बघते तेव्हाचा चेहरा आणि खुळखुळ्याकडे बघते तेव्हाचा चेहरा यात फरक असतो.

काजूगर | ५ जानेवारी, रात्री ८.२०

आमच्या गावच्या स्टुडिओतल्या काकांची आठवण झाली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस, पुढे लाकडी घोडा. ३६ फोटोंचा रोल, त्यात गावातली चार लेकरं बसवायची. त्यामुळे काका एका पोरामागे आठ-नऊच फोटो काढायचे. बटण दाबायच्या आधी पंधरा मिनिटं पोराशी नुसते खेळायचे. आपण दोनशे काढतो आणि एक मिनिटही बघत नाही.

मधुमालती | ५ जानेवारी, रात्री ९.१४

एकोणिसाव्या शतकात विलायतेत आणि अमेरिकेत बाळाला काही सेकंद तरी हलू न देता धरावं लागायचं, म्हणून आईला पडद्यासारखं कापड पांघरून खुर्चीत बसवायचे आणि बाळ तिच्या मांडीवर. फोटोत बाळामागे एक विचित्र आकाराचा गालिचा दिसतो, ती आई! तसे पुष्कळ फोटो आजही संग्रहांत आहेत. आपल्याकडे आईला चादर लागत नाही, ती कॅमेऱ्यामागेच असते, म्हणून अल्बममध्ये कुठेच नसते.

निंबोणी, तुझा एक तरी फोटो काढून घे.

अंजन | ५ जानेवारी, रात्री १०.५०

मी नेत्रविभागात काम करते. विषयाला थोडा फाटा आहे, पण लहान मुलांच्या फोटोंचा धागा आहे म्हणून लिहिते.

फ्लॅशने काढलेल्या फोटोत डोळे लाल येतात, ते पडद्यामागच्या रक्तामुळे. ते साधं आहे. पण एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळट चमकत असेल, आणि असं एकापेक्षा जास्त फोटोंत दिसलं, तर फोटो पुसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि दोन-चार दिवसांतच दाखवा. कधी तो नुसता कोनाचा खेळ असतो. कधी मोतीबिंदू असतो. आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. तो बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होतो आणि लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. कितीतरी आईवडिलांना तो पहिल्यांदा फोटोतच दिसलेला असतो. फोनमधलं रेड आय काढून टाकणारं सेटिंग अशा वेळी ही खूण झाकू शकतं.

बोरन्हाणाला फ्लॅश मारू नका असं मी म्हणेन ते डोळ्यांसाठी नव्हे, बाळ दचकून रडतं म्हणून. मारायचाच तर वेगळा फ्लॅश घेऊन पांढऱ्या छताकडे तोंड करून मारा.

दुसरं, अकरा महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर बोरं, हरभरे, शेंगदाणे, गोळ्या नकोत. फोटोच्या नादात सगळे कॅमेऱ्यात बघतात आणि एक दाणा तोंडात जातो. चुरमुरे घ्या, फुलांच्या पाकळ्या घ्या. खरी बोरं तबकात शेजारी ठेवा, नंतर मोठी मुलं लुटतील. हाराचा हलवाही सुटतो, त्याच्यावर एका मोठ्या माणसाचा डोळा हवा. ज्याच्या हातात फोन नाही असा माणूस.

निंबोणी | ५ जानेवारी, रात्री ११.३०

अंजन, खूप आभार. थोरल्याचे सगळे फोटो काढून बघितले आत्ता. दोन्ही डोळे लाल आहेत. हुश्श.

बोरांचं पटलं. प्रकेकाका, तुमचं गणित वाया गेलं.

भुईनळा | ६ जानेवारी, सकाळी १०.१०

एवढी उठाठेव कशाला? फोर-के (४K) व्हिडिओ लावून फोन एका जागी ठेवा. नंतर हवी ती फ्रेम काढा. प्रत्येक फ्रेम ८ मेगापिक्सेल असते.

फोकसवाला | ६ जानेवारी, सकाळी १०.४५

८ मेगापिक्सेल बरोबर, पण घरातल्या उजेडात व्हिडिओ काढताना फोन बहुतेक वेळा स्वतःहून शटर मंद ठेवतो. एकेक फ्रेम थांबवून बघा, चुरमुऱ्यांच्या रेघा दिसतील. व्हिडिओ काढाच, पण आवाजासाठी. आज्या गाणं म्हणतात ते फोटोत येत नाही.

भुईनळा | ६ जानेवारी, सकाळी ११.०२

माझे तरी बरे आले होते. असो.

खिडकीपाशी | ६ जानेवारी, दुपारी १.३०

फोटो वाटण्याबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे मी नियम केलाय की आंघोळीचे, उघड्या अंगाचे आणि शाळेचं नाव दिसणारे फोटो कुटुंबाच्या गटावरही टाकायचे नाहीत. नातेवाईक रागावतात. रागावू देत. आणि आजीला छापून द्यायचे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवू नकोस, तो आकार कमी करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. फक्त तसं पाठवलं की फोटो कुठे काढला त्याची नोंदही सोबत जाऊ शकते, म्हणून ते घरच्यांपुरतंच.

निंबोणी | २१ जानेवारी, रात्री १०.१५

झालं बोरन्हाण! उशिरा लिहितेय, घर आवरायलाच दोन दिवस गेले. सोफ्याखालून अजून चुरमुरे निघतायत.

आधी राजकारण. सासूबाईंना "उजेड" म्हणून पटलं नसतं, म्हणून मी सांगितलं की संध्याकाळी बाळ झोपेला येतं आणि किरकिर करतं. हे खरंही आहे. बोरन्हाण साडेतीनला, घरचे आणि गल्लीतली सात पोरं. हळदीकुंकू संध्याकाळी, बाळ तेव्हा झोपलेलं. सगळे खूश.

पश्चिमेची खिडकी आहे, त्यामुळे सासऱ्यांचं धोतर लावलं. दिवे बंद केल्यावर नणंद म्हणाली, अंधार काय केलाय, सुतक आहे का. पहिला फोटो दाखवल्यावर गप्प. काळ्या स्वेटरची तालीम केली होती, उणे ०.७ वर हार जरा जळत होता, उणे १ वर काटा न् काटा दिसला. आईला तो फोटो पाठवला, तिने फोन करून विचारलं की डाव्या बाजूची तिसरी ओळ वाकडी आहे ती तुला दिसली का. इतकं स्पष्ट आलंय.

दीड मीटरवर एफ ४, १/५००, आयएसओ बहुतेक वेळ ३२०० लाच चिकटला होता. पन्नासएक फोटो काढले, त्यातले वीस तरी ठेवण्यासारखे. पहिली मूठ पडली तेव्हा ती दचकली, दुसरीला ओठ काढले, तिसऱ्या मुठीला रडली. तो रडण्याचा फोटो मी सगळ्यात आधी छापणार आहे. चौथ्यापासून खिदळायला लागली, कारण थोरल्याने स्वतःच्या डोक्यावर चुरमुरे ओतून घेतले.

सगळ्यात आवडलेला मात्र कार्यक्रम संपल्यावरचा आहे. मुकुट एका डोळ्यावर आलेला, गालाला एक चुरमुरा चिकटलेला, आणि ती थोरल्याच्या मुठीची बोटं एकेक करून उघडतेय. दोघांपैकी कोणीच इकडे बघत नाहीये. तो मी काढलेला नाही, दिराने काढलाय. फोनवर. ऑटोवर.

माझाही एक आलाय, मधुमालती. केस विस्कटलेले आहेत, पण आहे.

प्र.के. | २१ जानेवारी, रात्री १०.४०

दिराचं अभिनंदन. चुरमुऱ्यांच्या रेघा आल्या का ठिपके?

निंबोणी | २१ जानेवारी, रात्री १०.५२

ठिपके! एक तर तिच्या नाकाच्या बरोबर वर लटकलाय. चुरमुऱ्याला सवलत दिलीत ते बरं केलंत.

काजूगर | २१ जानेवारी, रात्री ११.०५

धोतराचं काय झालं?

निंबोणी | २१ जानेवारी, रात्री ११.०९

दांडीवरून घसरत होतं म्हणून पिना टोचल्या होत्या. सात भोकं पडलीत. सासऱ्यांना अजून कळलेलं नाही, घडी आतल्या बाजूने घातलीय.